तारेवरचा भाबडा विश्वास

"अरे, पण याला तर वायर लावलीय ना!"

शेजारचे काका हे बोलले तेव्हा टीव्हीवर मालिकेची नायिका अर्धं तोंड उघडून थांबली होती आणि तिच्या नाकावर वर्तुळ फिरत होतं. वायर खरोखरच लावलेली होती. टीव्हीच्या पाठीमागून निघालेली पिवळी लॅन केबल शोकेसच्या वरच्या फळीवरच्या पांढऱ्या डबीत घुसली होती आणि तिथला हिरवा दिवा नेमाने लुकलुकत होता. मेश बसवून देणारा मुलगा जाताना सांगून गेला होता, "टीव्ही वायरवर टाकलाय, आता बघायलाच नको." काकांनी त्यावर विश्वास ठेवला. मग बिघाड शोधताना त्यांनी टीव्हीचं अ‍ॅप पुन्हा टाकलं, नेटवाल्याला तीनदा फोन केला, टीव्ही कंपनीचा माणूस बोलावला. वायरीला मात्र कोणी हात लावला नाही.

हे वाक्य मी वेगवेगळ्या घरांत ऐकलं आहे, कधी प्रिंटरबद्दल, कधी मुलाच्या गेमच्या डब्याबद्दल, कधी सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरबद्दल. मेशवरच्या तारेने जोडलेल्या उपकरणांचं दुखणं निस्तरताना पहिला अडसर या विश्वासाचाच असतो. तार दिसते, हाताला लागते, म्हणून ती संशयितांच्या यादीत शेवटी येते. ती पहिली यायला हवी.

काकांच्या घरातली तार दीड मीटरची होती. बेडरूममधल्या टीव्हीपासून शोकेसपर्यंत. तिथून दिवाणखान्यातल्या मुख्य डब्यापर्यंतचा प्रवास हवेतूनच होता, मधे दोन भिंती आणि आरसीसीचा एक जाडजूड खांब. म्हणजे टीव्ही तारेवर होता खरा, पण तार वायफायवर होती.

मेशची मूळ कल्पना साधी आहे. एक मुख्य डबा नेटच्या लाइनीला जोडायचा आणि त्याची पिल्लं घरभर ठेवायची. पिल्लं आपसात बोलतात आणि सगळ्या घरात एकाच नावाचं वायफाय पसरतं. २०१६ साली ईरो आणि गूगल वायफाय ही उपकरणं अमेरिकेत बाजारात आली आणि घरगुती मेश हा प्रकार रूढ झाला. आपल्याकडे खरी मागणी वाढली ती २०२०च्या टाळेबंदीत, घराचं ऑफिस आणि शाळा दोन्ही झाल्यावर. पुण्या-ठाण्यातल्या फ्लॅटांत काँक्रीटच्या तुळया आणि कोकणातल्या घरांत चिऱ्याच्या हात-हातभर जाड भिंती. एका राउटरने भागणार नव्हतंच. पण या सगळ्या डबड्यांची जाहिरात होते ती वायफायची. मागच्या बाजूला असलेल्या लॅनच्या भोकांबद्दल खोक्यावर एखादी ओळ सापडली तर नशीब. गूगलच्या २०१९च्या नेस्ट वायफायच्या पिल्लांना तर लॅनचं भोकच नव्हतं. घरी आणल्यावर ते ज्यांच्या लक्षात आलं, त्यांचे चेहरे आठवून पाहा.

गंमत अशी की इथरनेटचा जन्मच हवेतल्या जाळ्यावरून झाला. हवाई बेटांवरच्या विद्यापीठाने रेडिओवर चालणारं अलोहानेट उभारलं होतं. त्यापासून कल्पना घेऊन बॉब मेटकाफ यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९७३ साली तारेवरचं जाळं मांडलं आणि आकाशतत्त्वाच्या जुन्या 'ईथर'वरून त्याचं बारसं केलं. पन्नास वर्षांनी मेशने ती तार पुन्हा हवेत नेऊन सोडली आहे.

आता बिघाडांकडे. लोक सगळ्याला "चालत नाही" एवढंच म्हणतात. पण त्यात तीन वेगळी दुखणी असतात: तार दोन्ही टोकांना नीट भेटली आहे का, उपकरणाला पत्ता मिळाला आहे का, आणि मिळालेल्या पत्त्यावरून जाणारी वाट कुठून कुठे जाते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी व्हायला नको असेल, तर यांतलं कुठलं दुखणं आहे ते आधी ओळखावं लागतं.

तारेपासून सुरुवात करू, कारण सगळ्यांत मजेदार चकवे तिथेच आहेत. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या पिळाच्या चार जोड्या. १०० एमबीपीएसचा वेग यांतल्या दोनच जोड्यांवर चालतो. जॅकमधल्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या जागेवर. १९९९ साली प्रमाणित झालेल्या गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात. त्यामुळे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार तुटली तर नेट बंद पडत नाही. बरेचसे पोर्ट गिगाबिटचा नाद सोडून गुपचूप १०० वर उतरतात. काही तेवढे शहाणे नसतात. ते जोडले जातात, तुटतात, पुन्हा जोडले जातात आणि आपल्याला वाटतं की नेटवाला झोपला आहे.

हे मी स्वतःच्या घरी भोगलं आहे. ३०० एमबीपीएसचा प्लॅन, आणि टेबलावरच्या संगणकात वेग मोजला की ९४. सकाळी ९४, रात्री ९४. फोन हातात घेऊन वायफायवर मोजला तर २७०. मी दोन वेळा नेटवाल्याशी भांडलो. तो बिचारा आला, त्याने आपला लॅपटॉप मुख्य डब्याला लावला, २९५ दाखवले आणि चहा पिऊन गेला. मग डोक्यात प्रकाश पडला. १०० च्या जोडणीवर वरखर्च वजा जाऊन हातात जेवढं उरतं ते साधारण ९४-९५ असतं. हा आकडा दिवसभर हलत नसेल तर दोष बाहेरच्या लाइनीत नसतो, तो आपल्याच तारेत असतो. विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन इथरनेटचा लिंक स्पीड पाहिला तर तिथे '१००/१००' असं सरळ लिहिलेलंच होतं. माझी केबल बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या चौकटीतून नेलेली होती. दार रोज दहादा तिच्यावरून जात होतं.

तुटलेला भाग कापून नवा कनेक्टर क्रिम्प करायचा तर रंगांचा क्रम पाठ हवा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चालणारा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी निळ्याच्या दोन्ही बाजूंना फाकवलेली दिसते, ती चूक नाही. पण कित्येक वायरमन सोयीसाठी जोड्या ओळीने लावतात: नारिंगीशेजारी नारिंगी, हिरव्याशेजारी हिरवा, निळ्याशेजारी निळा. "दोन्हीकडे सारखंच लावलंय ना, मग झालं." त्याच्याकडचं आठ दिव्यांचं टेस्टर आठही दिवे लावून दाखवतं, कारण पहिली तार पहिलीला भेटलीच आहे. पण तिसऱ्या आणि सहाव्या जागेवरून जाणारा संदेश आता एकमेकांशी पीळ नसलेल्या, दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारांवरून जातो. पीळ असतो तोच मुळी शेजारच्या जोडीची कुरकुर कानावर येऊ नये म्हणून. अशी केबल दोन मीटरला कदाचित खपून जाईल. पंधरा मीटरला ती सतावते, आणि टेस्टर पास म्हणाल्यामुळे तिच्यावर कोणी संशय घेत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दुसरा चकवा खुद्द धातूचा. स्वस्त बंडलात तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार मिळते. पात्याने खरवडली की आत पांढुरका रंग दिसतो. अ‍ॅल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. ही तार वाकवली की लवकर तुटते, कनेक्टरमध्ये कालांतराने सैल पडते. केबलीवरून वीजही जात असेल, जसं सीसीटीव्हीच्या कॅमेऱ्यांत असतं, तर तापतेही. भिंतीतल्या पाइपात एकदा ओढलेली केबल पुढची दहा-पंधरा वर्षं काढायची असते. तिथे चारशे रुपये वाचवणं मला तरी पटत नाही.

बाकीच्या किरकोळ गोष्टी: खटका तुटलेला जॅक झाडू लागला तरी हलतो, तो फेवीक्विकने चिकटवू नका, बदला. आणि ऑनलाइन मिळणारा शंभर-दीडशे रुपयांचा 'एकाचे दोन' करणारा स्प्लिटर घेऊ नका. त्यात डोकं नसतं, नुसत्या तारा असतात. तो दोन्ही टोकांना जोडीने लावावा लागतो आणि तेव्हाही प्रत्येकाच्या वाट्याला दोन जोड्या म्हणजे १०० चाच वेग येतो. एका भोकाची पाच करायची तर वीज लागणारा साधा पाच पोर्टांचा स्विच घ्यावा.

टीव्हीबद्दल मात्र एक गोष्ट उलट सांगायची आहे. अनेक स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्टच १०० एमबीपीएसचा असतो, महागड्यांचासुद्धा. काही जण तेवढ्यावरून तार काढून टीव्ही वायफायवर टाकतात, कारण तिथे आकडा मोठा दिसतो. नेटफ्लिक्सची स्वतःची शिफारस फोर-के चित्रासाठी १५ एमबीपीएसची आहे. मोठा पण डळमळता आकडा आणि लहान पण ठाम आकडा यांत मी दुसरा घेईन.

आता पत्ता. तार ठीक आहे, दिवा लागतो, तरी नेट नाही. अशा वेळी उपकरणाच्या सेटिंगमध्ये जाऊन आयपी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याचा अर्थ, उपकरणाने पत्ता मागितला, कोणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक लावून घेतला. बहुतेक वेळा हे वीज गेल्यानंतर घडतं. वीज आली की सगळे डबे एकदम जागे होतात. टीव्ही आणि स्विच चटकन उठतात, मुख्य डबा आणि पिल्लं मिनिट-दोन मिनिटं चाचपडत असतात. तोवर टीव्हीने मागणी करून हात टेकलेले असतात. उपाय फुकटचा आहे: आधी फायबरचा डबा, मग मेशचा मुख्य डबा, मग पिल्लं, मग स्विच, शेवटी उपकरण, या क्रमाने आणि मधे दम खाऊन चालू करा. छोटा १२ व्होल्टचा यूपीएस फायबरच्या आणि मुख्य डब्याला लावला तर वेळच येत नाही. फक्त आपले डबे १२ व्होल्टचेच आहेत ना, ते अ‍ॅडाप्टरवर वाचून घ्या.

पण पत्ता मिळाला आहे आणि भलत्याच गल्लीचा आहे, हे दुखणं जास्त छळतं. आपल्याकडे नेटवाला फायबरचा जो डबा देतो तो स्वतःच राउटर असतो, वायफायसकट. त्याच्यापुढे आपण मेश लावतो, तोही राउटर. आता घरात दोन गल्ल्या झाल्या. फायबरच्या डब्याची बहुधा १९२.१६८.१ ची, मेशची आपली निराळी, उदाहरणार्थ टीपी-लिंकच्या डेकोची १९२.१६८.६८ ची. प्रिंटरची तार कपाटामागे ज्या डब्याचं भोक आधी सापडलं त्यात, म्हणजे फायबरच्या डब्यात लावलेली असते. फोन आणि लॅपटॉप मेशवर. मग विचित्र एकतर्फी नातं तयार होतं. लॅपटॉपवर प्रिंटरचा पत्ता हाताने टाकला तर पान छापून येतं. पण यादीत प्रिंटर आपणहून दिसत नाही, कारण 'मी इथे आहे' ही त्याची हाक राउटरपलीकडे जात नाही. आणि प्रिंटरवर कागद ठेवून लॅपटॉपकडे स्कॅन पाठवायला गेलं तर ते पोचत नाही, कारण आतल्या गल्लीचं दार बाहेरून उघडत नाही. म्हणून लोक म्हणतात, "कधी चालतो, कधी नाही." प्रिंटर सुसंगतच वागत असतो.

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे फायबरचा डबा ब्रिज मोडवर टाका, म्हणजे त्याचं राउटरपण बंद करा. सल्ला चुकीचा नाही, पण पहिला नव्हे. त्याच डब्यावर घरचा लँडलाइन फोन आणि कधी टीव्हीचा सेट-टॉप चालत असतो. ब्रिज करताना ते गडबडले तर रविवार वाया जातो. त्याआधी प्रिंटरची तार उपटून मेशच्या डब्यात लावा. बहुतेक घरांत एवढ्यावर भागतं. तेही नको असेल तर मेशला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे घरात एकच गल्ली उरते. काही मेशमध्ये त्यामुळे मुलांच्या वेळेवर लगाम घालण्यासारख्या सोयी जातात, हे मात्र आधी पाहून घ्या.

हीच चूक पिल्लांच्या बाबतीतही होते. तारेने जोडायचं पिल्लू मुख्य डब्याच्या खालच्या अंगाला हवं. ते मुख्य डब्याला वगळून फायबरच्या डब्याला लावलं, तर वरच्या गल्लीत बसून ते खालच्या गल्लीचं काम करायला बघतं. अ‍ॅपमध्ये ते कधी जोडलेलं दिसतं, कधी गायब. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरची गोष्ट आणखी निराळी: बसवणाऱ्याने त्याला जुन्या गल्लीचा पत्ता कायमचा ठोकून दिलेला असतो. मेश आलं, गल्ली बदलली, रेकॉर्डर जुन्याच पत्त्यावर हटून बसलेला. त्याला आपोआप पत्ता घ्यायला सांगितलं की झालं. आणि रेकॉर्डर घरात दिसतो पण गावाहून दिसत नाही, असं असेल तर राउटरवर बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांतला असेल तर नेटवाल्याने अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला आहे. तिथे तुमच्या पोर्ट फॉरवर्डिंगला अर्थ नाही आणि तारेचा तर काहीच दोष नाही.

उरली वाट. सगळ्यांत भयंकर बिघाड म्हणजे गोल फिरणारी वाट. स्विचमधून निघालेली केबल चुकून त्याच स्विचमध्ये परत गेली, तर एक हाक आत शिरते आणि फिरत राहते, प्रत्येक फेरीत तिच्या प्रती वाढतात, आणि काही क्षणांत सगळं जाळं ठप्प. याच संकटावर रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डेक कंपनीत असताना स्पॅनिंग ट्रीची युक्ती शोधली: जास्तीच्या वाटा स्विचने आपणहून मिटून घ्यायच्या. तीही जपून वापरावी लागते. २००२च्या नोव्हेंबरमध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस या इस्पितळाचं जाळं अशाच कारणाने काही दिवस कोलमडलं आणि डॉक्टरांना कागदावर परतावं लागलं. आपल्या घरातल्या सहाशे रुपयांच्या स्विचमध्ये ही युक्ती सहसा नसते. त्याच्यावरचे सगळे दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकू लागले की एकेक तार उपटत जा. ज्या तारेला ते शांत होतील ती गुन्हेगार.

मेशमध्ये हा फेरा न दिसता होऊ शकतो. पिल्लू तारेनेही जोडलेलं आणि हवेतूनही. दोन्ही वाटा एकदम उघड्या राहिल्या तर फेरा पुरा. म्हणून डबे आपसात खास संदेश पाठवून ठरवतात की तार आहे, तर हवेची वाट मिटवू. बऱ्याच डब्यांत हे बोलणं २०१३ च्या १९०५.१ या मानकाप्रमाणे चालतं. मधला एखादा स्विच हे संदेश पुढे जाऊच देत नाही आणि डब्यांना तारेचा पत्ताच लागत नाही. लक्षण असं: पिल्लू मुख्य डब्याला थेट लावलं की उत्तम, मधे स्विच आला की वांधे. त्या ठिकाणी सेटिंगशी झटापट करण्यात अर्थ नाही. स्विच बदलून बघा.

आणि नुसत्या हवेवर असलेलं पिल्लू? त्याच्याकडे एकच रेडिओ ऐकायला आणि पुढे सांगायला असेल, तर वेग साधारण निम्म्यावर येतो. वाटेत अशी हवा आहे का हे ओळखायला, हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजणाऱ्या पिंगसारखं साधन नाही. माइक म्यूस यांनी १९८३च्या डिसेंबरात लिहिलेला हा इटुकला प्रोग्राम आजही प्रत्येक संगणकात आहे. लॅपटॉप त्या पिल्लाला तारेने लावा आणि मुख्य डब्याच्या पत्त्यावर पिंग सोडून द्या. निखळ तार असेल तर उत्तरं एक मिलिसेकंदाच्या आतबाहेर, एका रांगेत येतात. ३, ४०, ५, १२० अशी उड्या मारत आली तर वाटेत कुठेतरी हवा आहे.

पावसाळ्याचं एक सांगायलाच हवं. गच्चीवरच्या कॅमेऱ्यापर्यंत किंवा दोन इमारतींमध्ये उघड्यावरून ओढलेली लॅन केबल वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली की झटका घरात आणते. मग चार पोर्टांपैकी एकच जळतो, बाकीचे चालतात, आणि माणूस केबली बदलत बसतो. दोन इमारतींमध्ये फायबरच घालावी. काचेतून वीज वाहत नाही.

रीसेट हा सगळ्यांचा आवडता उपाय आणि माझा नावडता. बंद करून चालू करणं वेगळं, आणि टाचणीने ते बारीक भोक दाबणं वेगळं. दुसऱ्याने घरातल्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात. मूळ बिघाड तुटलेल्या तपकिरी तारेत असेल तर तो जागच्या जागी राहतो, वर वीस उपकरणं पुन्हा जोडण्याचं काम अंगावर येतं.

काकांकडे लॅपटॉप लावला तेव्हा पिंगच्या उड्या दिसल्याच. पिल्लू शोकेसवरून पॅसेजच्या तोंडाशी हलवलं, थोडा फरक पडला, पण काकांचं समाधान होईना. मग लक्षात आलं की दिवाणखान्यातून बेडरूमपर्यंत भिंतीत एक पाइप आधीच आहे, जुन्या केबल टीव्हीचा. वायरमनने त्यातल्या मेलेल्या काळ्या केबलीच्या टोकाला नवी कॅट-सिक्स टेपने बांधली आणि पलीकडून काळी ओढली. अर्ध्या तासात बारा मीटर तार आरपार. रंग त्याने ओळीनेच लावायला घेतले होते, तेवढे मी पुन्हा लावून घेतले.

मालिका आता थांबत नाही. काकांचे फोन येतात ते दुसऱ्याच कारणासाठी: "अरे, मागचा एक दिवा हिरवा आहे आणि टीव्हीचा तेवढा नारिंगी का?" त्या डब्यावर नारिंगी म्हणजे १००. टीव्हीचा पोर्ट तेवढाच आहे, काका, राहू द्या.